कूलरच्या वाऱ्यात बांधलेला पूल

सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून आणि त्याच्या शेजारच्या बोटापासून झाली. संध्याकाळी बातम्या ऐकताना यजमानांचा हात मांडीवर असायचा आणि ती दोन बोटं एकमेकांवर घासत राहायची, जणू चिमूटभर तंबाखू चोळली जात आहे. ते तंबाखू खात नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थंडीचे दिवस होते, म्हणून थंडीवर टाकलं. होळी झाली, पंखे सुरू झाले, तरी बोटं थांबली नाहीत.

आमच्या घरात या गोष्टीचं नाव घेत नाहीत. सासऱ्यांना जे झालं होतं त्याला 'दादांचं दुखणं' एवढंच म्हणतात. सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. माझं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. तापीकाठी त्यांची केळीची शेती होती. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं ऐकीव. आधी हात गेले, मग चालणं, मग बोलणं. मुलगा, म्हणजे आमचे यजमान, कागदाच्या मिलमध्ये पाळीवर असायचा, त्यामुळे शेवटी मोठी मुलगी, म्हणजे माझी नणंद, त्यांना भरवायची. घास सांडू नये म्हणून तिने उंच काठाची एक पितळी ताटली करून घेतली होती. ती ताटली अजून तिच्या सासरी, बहादरपुरात आहे. तिच्यात आता ती मीठ ठेवते.

मी नोकरीची सगळी वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. आमचा जिल्हा हिंदी मुलखातला, म्हणून दैनिक हिंदी होतं आणि माझ्याकडे जिल्ह्याचं पान होतं. अपघाताच्या बातमीतून 'भीषण' हा शब्द काढणं, मृताच्या वयाची खात्री करणं, 'असे समजते' असं लिहिणाऱ्याला 'कोणाकडून समजते' असं विचारणं, ही माझी कामं. ती सवय घरातही सुटली नाही. बोटं दिसत होती आणि कारण माहीत नव्हतं. शनवारा भागातल्या एका ओळखीच्या घरून मी इंदूरच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला आणि एका सकाळी चहाच्या वेळी विषय काढला.

"एकदा तपासून घेऊ या."

"काय?"

"हात."

त्यांनी कप खाली ठेवला. मग बैठकीतल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक खोकं होतं. पुण्याला असलेल्या मुलीकडून त्यांनीच ते मागवून घेतलं होतं: खेळण्यातल्या आगगाडीचा लाकडी पूल, सुटे भाग, घरी जोडायचा. सोबत एक लहान इंजिन आणि दोन डबे. खोक्यावर अवघडपणा दाखवायला तारे छापले होते आणि ते सगळेच्या सगळे रंगवलेले होते. मुलीने फोनवर विचारलं होतं, "बाबा, सोपा पण मिळतो. हाच कशाला?" त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते आता मला मिळालं.

"आधी पूल," ते म्हणाले. "पूल सरळ उभा राहिला तर इंदूरचं नाव काढायचं नाही. वाकडा झाला तर तू म्हणशील तिथे येतो. कबूल?"

"हा काय सौदा झाला?"

"कबूल की नाही?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काही म्हटलं असतं तर तेवढंही पदरात पडलं नसतं. त्या क्षणापासून मला त्या खोक्याची भीती वाटू लागली, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. पूल वाकडा झाला तर दादांचं दुखणं घरात आलं. सरळ झाला तर ते आलं की नाही हे कधी कळणारच नाही.

पूल वळणावरचा होता. खाली एक पातळ फळी, तिच्यावर उभ्या चौकटींची रांग, प्रत्येक चौकट वेगळ्या उंचीची, आणि वर रुळांची वाट. चौकटीच्या काड्या आगपेटीतल्या काडीहून बारीक. नकाशाचा कागद टेबलावर पसरायचा, वर पारदर्शक प्लास्टिक घालायचं, काड्या टाचण्यांनी जागच्या जागी धरायच्या आणि चिमट्याने उचलून पांढऱ्या गोंदाने चिकटवायच्या. प्रत्येक सांध्यावर बोल्टचं काळं डोकं बसवायचं. ते मोहरीहून लहान. पहिल्या दिवशी एक बोल्ट खाली पडला आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तो शोधत होतो. मला सापडला. मी तो त्यांच्या तळव्यावर ठेवला. तळवा हलत नव्हता.

मी लक्ष ठेवून होते. समोर वर्तमानपत्र धरायचं आणि वरून पाहायचं. चिमटा काडीवर जाई, काडी उचलली जाई, थेंबभर गोंदाला टेकून जागेवर बसे. हात एखाद्या सोनाराचा असावा तसा. मिलमध्येही त्यांचं काम हाताचंच होतं. तयार कागदाची तपासणी. रिळाला नुसती पालथी बोटं लावून कागदात ओल किती आहे ते सांगायचे, मग यंत्राने मोजलं तर फारसा फरक निघत नसे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्या बोटांचा उल्लेख केला होता. आमच्या गावातल्या लालबागच्या स्टेशनावरून रोज गाडीने मिलला जाणं आणि येणं, एवढंच त्यांचं आयुष्य होतं. गाड्यांबद्दल त्यांना प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. सवय होती.

काम बैठकीतच चाले, कारण कूलर बैठकीच्या खिडकीत होता. एप्रिल संपत आला की आमच्या गावात माणसं कूलरभोवतीच जगतात. सकाळी बादल्यांनी त्याची टाकी भरायची, वाळ्याच्या जाळ्या भिजवायच्या, आणि मग दिवसभर तो ओला वारा. त्या खोलीत पापड उघडा राहिला तर मऊ पडतो, आगपेटी लवकर पेटत नाही, वर्तमानपत्र हातात लोंबतं. त्याकडे कुणी लक्ष देत नाही. यजमानांनी टेबल अगदी त्याच्या समोर ओढून घेतलं होतं. कपाळाचा घाम काड्यांवर पडू नये म्हणून.

चौकटी उभ्या राहत गेल्या. त्यांनी टोकाशी डोळा लावून पाहिलं, मला पाहायला लावलं.

"सरळ आहे?"

"सरळ आहे."

"वर्तमानपत्रवाली आहेस. नीट बघून सांग."

"सरळ आहे, अहो."

संध्याकाळी बातम्या लागल्या. हात मांडीवर गेला. बोटं सुरू झाली. मी पूल पाहिला, मग हात पाहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकमेकींशी जुळत नव्हत्या. डेस्कवर अशी बातमी आली असती तर मी ती थांबवून ठेवली असती.

आखाजीला नणंद माहेरी आली. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात. तिचे आईवडील नाहीत, शेत विकलं गेलं, त्यामुळे आता आमचं लालबागचं घर हेच तिचं माहेर. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिने दारातच चप्पल काढता काढता टेबल पाहिलं.

"काय करून राहिला रे भाऊ तू?"

"पूल."

"कोणासाठी? नातू तर नाही अजून."

"माझ्यासाठी."

"माय गं. साठीनंतर लोक तीर्थाला जातात, आणि हा पूल बांधून राहिला. तापीवर बांध म्हणावं, तिकडच्यांना उपयोग होईल." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, याला कामाला लाव काही. भाजी निवडायला बसव."

ते हसले. अक्का आली की ते हसतात. त्यांनी लगेच कूलर खिडकीतून काढला. तो चाकांच्या लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, बसवलेला आहे. तो ढकलत आतल्या खोलीत नेला, कारण अक्का तिथे झोपते आणि तिला उकाडा सोसत नाही. दरवर्षी आखाजीला आमच्याकडे हेच होतं. माहेरवाशिणीला कूलर, घरच्यांना पंखा. पूल बैठकीतच राहिला. तो हलवण्याजोगा नव्हता. त्यांनी त्याच्यावर एक जुनी सुती साडी पसरली आणि सण होईपर्यंत काम बंद ठेवलं.

आखाजीच्या सकाळी पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, पाणी, वर खरबूज आणि सांजोरी. घागर दादांच्या नावाने. यजमानांनी पाणी घातलं, हात जोडले. जोडलेले हात स्थिर होते. मी ते पाहत होते, आणि शेजारी अक्काही त्या हातांकडेच पाहत होती. त्या वेळी मला कळलं की आमच्या घरात लक्ष ठेवणारी मी एकटी नाही.

दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती सांजोऱ्या डब्यात भरत होती.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

मी न कळल्याचं दाखवलं नाही. "थंडीपासून."

"बसला की होतं?"

"हो. हात कामाला लागला की काही नाही. अक्का, तो पूल बघितलात ना? एक काडी हलली नाही. मला वाटतं की..."

"दादा केळीला दोऱ्या बांधायचे," ती म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. "घड जड झाला की झाड कलंडतं, मग बांबू लावून दोरी बांधावी लागते. दादांनी मारलेली गाठ साऱ्या गावात कोणाला यायची नाही. दुखणं पक्कं झालं होतं, डॉक्टरने सांगितलं होतं, तरी गाठी तेच मारायचे. माणसं म्हणायची, काही नाही झालं म्हाताऱ्याला, नाटक करतो. आणि ओट्यावर येऊन बसले, की हात..." तिने हातातली सांजोरी हलवून दाखवली. तिचा एक तुकडा खाली पडला. तिने तो उचलून तोंडात टाकला. "ताटली आहे अजून माझ्याकडे. मीठ काढून घासून ठेवते, मग काय."

हे ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही. म्हणजे पूल ही परीक्षाच नव्हती. कामातला हात काहीच सांगत नव्हता. त्यांनी स्वतःच काढलेली प्रश्नपत्रिका चुकीची होती, आणि ते तिच्यात पहिल्या नंबराने पास होत होते.

"त्याला सांगू नको आत्ता," अक्का म्हणाली. "सणाचं घर आहे."

मी सांगितलं नाही. सण संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. पण त्याच्या आधीच दुसरी गोष्ट झाली.

सणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साडी बाजूला केली. मी चहा घेऊन येत होते. ते पुलासमोर उभे होते. पूल पिळवटला होता. खालची फळी एका कोपऱ्यात टेबलावरून उचलली गेली होती, मधल्या चौकटी आत झुकल्या होत्या, आणि वरची वाट, जिच्यावर रूळ बसायचे होते, ती उन्हात टाकलेल्या पापडासारखी वळली होती. दोन सांधे उघडले होते. बोल्टचे काळे कण प्लास्टिकवर सांडले होते.

"कोणी हात लावला?" मी विचारलं.

"कोण लावेल? मीच लावला, इतके दिवस."

त्यांनी उजवा हात समोर धरला. बोटं पसरली. पालथा केला, उताणा केला. मग तो खिशात घातला. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहते. त्यांना हात खिशात घालून उभं राहताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"नंबर आहे ना तुझ्याकडे?" ते म्हणाले. "लाव फोन."

मला हेच हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा नको झालं. अक्का आतून आली. तिने पुलाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि काही टोमणा मारला नाही. फोन लावला, तिकडून सांगण्यात आलं की डॉक्टर पुढच्या आठवड्यात बसतील, तेव्हा पुन्हा फोन करा. त्या दिवशी ते जेवताना डाव्या हाताने घास घेत होते. अक्काने ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि तोंड फिरवलं. जेवण कुणालाच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काला घ्यायला तिचा मुलगा आला. ती गेली. कूलर घोड्यासकट परत बैठकीच्या खिडकीत आला, टाकी भरली, वाळा भिजवला. पूल तसाच टेबलावर होता. मी तो उचलून ठेवायला निघाले तर ते म्हणाले, "राहू दे."

सकाळी मी अंगणात पाणी शिंपडत होते. आतून हाक आली, जरा मोठ्याने.

"अगं, इकडे ये. लवकर."

ते टेबलाशी वाकून होते. फळीचा उचललेला कोपरा खाली बसला होता. पूर्ण नाही, पण बराच. वरची वाट उलगडली होती. त्यांनी पालथी बोटं फळीला लावली, पूर्वी रिळाला लावायचे तशी, मग चौकटीला, मग शेजारी पडलेल्या वर्तमानपत्राला.

"ओल," ते म्हणाले. "ओल आहे ही! ओल्या वाऱ्यात जोडला मी हा. कूलर आत गेला, लाकूड सुकलं, आकसलं. कागद आणि लाकूड एकाच घरचे. सारी उमर मी लोकांना सांगत आलो, रीळ सुकू द्या, मग कापा. आणि स्वतः काय केलं? कूलरसमोर टेबल मांडलं!"

ते खुर्चीत बसून हसायला लागले. मिलमधल्या कोणाला कळलं तर काय म्हणतील, हे त्यांनी दोन-तीनदा बोलून दाखवलं. इतके दिवस त्यांची सगळी नजर हातावर होती. आयुष्यभर ज्या गोष्टीचा पगार घेतला ती गोष्ट खोलीत भरून होती आणि त्यांना दिसली नाही. मीही हसले. खरंच हसले. मग आठवलं.

त्यांनी अक्काला फोन लावला. "अक्का, पूल तू वाकडा केला. तुझ्या कूलरने."

"माझ्या? मी मागितला होता का कूलर? तूच ढकलत आणला राजासारखा." मग, "बरं झालं भाऊ. वहिनीला दे फोन."

मी फोन घेऊन मागच्या दारी गेले. ती एवढंच म्हणाली, "आता तूच सांग." आणि ठेवला.

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. त्यांनी कूलर बंद केला, बिघडलेले सांधे पाण्याच्या कुंचल्याने सोडवले, फळी वजनाखाली सुकवली, आणि कोरड्या उकाड्यात, कपाळाला पंचा बांधून, पूल पुन्हा जोडला. घरात आम्ही दोघं भाजून निघालो. मी रोज वाक्य तयार करत होते. तुमची परीक्षा चुकीची आहे. दादाही गाठी मारायचे. मथळा तयार होता, मजकूर तयार होता, पान छपाईला सोडायला धीर नव्हता. इंदूरला पुन्हा करायचा फोनही तसाच राहिला. सौद्याप्रमाणे आता तो करायचं कारण उरलं नव्हतं.

पूल पुरा झाला. सरळ होता. टोकाशी डोळा लावला की चौकटींची रांग एका ओळीत वळत जायची, भुसावळच्या अलीकडे गाडी तापीवर येते तेव्हा डब्याच्या दारातून दिसते तशी. त्यांनी रूळ बसवले, इंजिन ठेवलं, मागे दोन डबे जोडले. डब्यांना लोखंडी तारेचे बारीक आकडे होते. इंजिन चाललं. पुलावर चढलं, वळण घेतलं, मध्यावर आलं, आणि त्यांनी ते तिथेच थांबवलं. मुलीला फोटो पाठवायचा होता.

ते खुर्चीत टेकले. उजवा हात टेबलाच्या कडेवर विसावला.

"झालं," ते म्हणाले. "आता इंदूरचं नाव..."

बोलता बोलता थांबले. खोलीत एक आवाज येत होता. अगदी बारीक. टिक टिक टिक, न थांबता. कूलर बंद होता, पंखा फोटोसाठी बंद केला होता, म्हणून तो ऐकू येत होता.

"डब्याचा आकडा ढिला आहे वाटतं," ते म्हणाले, आणि हात उचलून डब्याकडे नेला. आवाज थांबला. त्यांनी आकडा चाचपला. घट्ट होता. हात परत टेबलावर आला. क्षणभर काही नाही. मग टिक टिक टिक.

तयार केलेलं एकही वाक्य मला लागलं नाही.

त्यांनी हात उचलला. शांतता. ठेवला. थोडं थांबून आवाज सुरू झाला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, तपासणी करतात तसं, घाई न करता. फळी, टेबल, आकडा, सगळं त्यांनी नजरेने पाहिलं. शेवटी अंगठ्याकडे पाहिलं. तो शेजारच्या बोटावर घासत होता.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"अक्काला?"

"तिला आधीपासून. दादा केळीला दोऱ्या बांधायचे म्हणाली. दुखणं पक्कं झाल्यावरही."

त्यांनी मान हलवली. बापाची गाठ त्यांनीही पाहिली असणार. बाहेर स्टेशनावर कुठली तरी गाडी येत असल्याची घोषणा चालू होती. आमच्या घरात ती शब्दन्‌शब्द ऐकू येते. ती संपेपर्यंत ते थांबले.

"पूल सरळ आहे," ते म्हणाले.

"सरळ आहे."

"लाव फोन."

मी नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मी फोन कानाशी धरून त्यांच्याकडे पाहत होते. पुलाच्या मध्यावर उभा असलेला डबा वाजत होता. त्यांनी हात टेबलावरून उचलला नाही.